वाळू लागली की थांबायचं

काळ्या मातीत खोदताना मध्येच सुटी, भुरभुरीत वाळू लागली, तर ती तिथे आपसूक आलेली नसते. कुणीतरी ब्रासच्या हिशेबानं विकत आणून ती त्या चरात ओतलेली असते. शहरात रस्त्याच्या कडेला, दोन-तीन फूट खोल वाळू ओतायची कारणं मोजकीच असतात, आणि त्यातलं सगळ्यात जीवघेणं कारण म्हणजे विजेची केबल.

हे मी आता प्रत्येक साइटवर पहिल्या दिवशी, पहिली पहार उचलण्याआधी सांगतो. पूर्वी सांगत नव्हतो. ड्रेनेज लाइनचं काम चाललं होतं, चेंबरसाठी खड्डा घ्यायचा होता. बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा पहार मारत होता. नकाशात केबल रस्त्याच्या पलीकडच्या अंगाला दाखवलेली, त्यामुळे या अंगाला सगळे निर्धास्त. दोन फुटांवर पहारेच्या टोकाला वाळू आली. त्यानं ती हातानं बाजूला केली. खाली विटेचा तुकडा लागला, तोही उचलून वर फेकला. मग आणखी एक पहार मारली. मी पंधरा-वीस पावलांवर पाठमोरा उभा होतो. टायर फुटल्यासारखा आवाज झाला आणि समोरच्या भिंतीवर माझी सावली उमटली, तीही भर दुपारी.

मुलगा वाचला. दोन्ही तळहात आणि चेहरा भाजला, पॉलिस्टरचा शर्ट वितळून छातीला चिकटला. वाळू आणि वीट दोन्ही त्याच्या हातात आली होती. त्यांचा अर्थ त्याला ठाऊक नव्हता, आणि तो सांगायचं काम माझं होतं.

पहार लागली की नेमकं काय होतं

बहुतेकांना वाटतं की केबलला धक्का लागला म्हणजे शॉक बसतो. शॉक बसू शकतोच, पण अशा अपघातात माणसं जास्त करून भाजतात. ते का, हे समजायला केबल आडवी कापून पाहिल्यासारखी डोळ्यांसमोर आणा. मध्ये जाड अ‍ॅल्युमिनियमचे तीन गाभे, प्रत्येकात एक फेज. एलटी, म्हणजे कमी दाबाच्या केबलमध्ये न्यूट्रलचा एक बारीक गाभा जास्त, म्हणून तिला साडेतीन कोअरची केबल म्हणतात. प्रत्येक गाभ्यावर प्लास्टिकसारखं इन्सुलेशन. त्या सगळ्यांभोवती लोखंडी पट्ट्यांचं किंवा तारांचं चिलखत, ज्याला आर्मर म्हणतात. त्यावर बाहेरचं काळं आवरण.

हे चिलखत दोन्ही टोकांना अर्थिंगला जोडलेलं असतं. पहारेचं टोक आवरण फाडून आधी चिलखताला भिडतं, मग इन्सुलेशन भेदून आतल्या गाभ्याला. त्या क्षणी पहार म्हणजे फेज आणि अर्थ यांच्यामधला लोखंडी पूल होते. वीज माणसाच्या अंगातून जाण्याऐवजी बहुतांशी या पुलावरून धावते, आणि तिला अडवायला वाटेत काहीच नसतं.

वेल्डिंग करणाऱ्याचा होल्डर डोळ्यांसमोर आणा. हातानं करायच्या साध्या वेल्डिंगला शंभर-दोनशे अँपिअर पुरतात, आणि तेवढ्यातही उघड्या डोळ्यांनी तिकडे बघवत नाही. आता ६३० केव्हीएचा एक ट्रान्सफॉर्मर घ्या, मोठ्या सोसायट्यांच्या आवारात दिसतो तसा. त्याच्या जवळ एलटी केबल शॉर्ट झाली तर दहा हजार अँपिअरहून जास्त करंट वाहू शकतो. ट्रान्सफॉर्मरपासून लांब जावं तसा हा आकडा उतरतो, पण लांबवरही तो वेल्डिंगच्या कित्येक पट असतो. एवढ्या करंटनं जी ज्वाळा पेटते तिला आर्क म्हणतात. तिचं तापमान कित्येक हजार अंश असतं. अ‍ॅल्युमिनियम नुसतं वितळत नाही, त्याची वाफ होते. वाफ झाली की ती एका क्षणात प्रचंड फुगते, म्हणून बाँबसारखा आवाज. आणि खड्ड्यात वाकून उभ्या असलेल्या माणसाचं तोंड त्याच्या बरोबर वर असतं.

साइटवर एक वाक्य हमखास ऐकू येतं: "एलटी आहे, एचटी नाही, काही होत नाही." एचटी म्हणजे उच्च दाबाची केबल. हा समज माणसं घालवतो. ११ केव्हीच्या, म्हणजे ११ हजार व्होल्टच्या फीडरवर (सबस्टेशनमधून निघणाऱ्या एचटी लाइनवर) सबस्टेशनमध्ये ब्रेकर आणि रिले असतात. फॉल्ट झाला की साधारण सेकंदाच्या अंशात ते लाइन तोडतात. एलटीला बहुतेक ठिकाणी डीपीतला, म्हणजे ट्रान्सफॉर्मरजवळच्या वितरण पेटीतला फ्यूज हाच आधार. केबल लांब असेल तर तो वितळायला वेळ लागतो, आणि काही डीपींमध्ये फ्यूजच्या जागी जाडजूड तार गुंडाळलेली दिसते. ती तार वितळत नाही, खड्ड्यातली ज्वाळा मात्र जळत राहते. व्होल्ट कमी म्हणून भाजणं कमी, असं काही नसतं.

किती खोल?

या प्रश्नाचं पुस्तकी उत्तर सरळ आहे. केबल टाकण्याच्या कामासाठी भारतीय मानक आयएस १२५५ आहे. त्यानुसार एलटी केबल किमान ०.७५ मीटर खोल, म्हणजे अडीच फूट. ३.३ ते ११ केव्हीची ०.९ मीटर, म्हणजे तीन फूट. २२ आणि ३३ केव्हीची १.०५ मीटर, म्हणजे साडेतीन फूट. रस्ता ओलांडताना एक मीटर. खाली वाळूची गादी, त्यावर केबल, वर पुन्हा वाळू, त्यावर विटा किंवा काँक्रीटच्या फरशा, मग माती. अलीकडच्या कामांत मातीच्या थरात धोक्याची सूचना छापलेली प्लास्टिकची पट्टीही टाकलेली असते.

हे आकडे पाठ असावेत, पण त्यांच्यावर खड्ड्याचा हिशेब बांधू नये. केबल टाकली त्या दिवशी ती अडीच फुटांवर असेलही. त्यानंतर वरची जमीन जागची हलते. काँक्रीटीकरणासाठी रस्ता दीड फूट उकरून खाली घेतला की तीच केबल एका फुटावर येते. उलट, डांबराचे थर चढत गेले की ती चार फुटांवर जाते, आणि "तीन फूट खोदलं, काही लागलं नाही, आता बिनधास्त मार" असं म्हणणारा तिथे फसतो. आपल्याकडे तर काळा पत्थर कुठे कुठे हातभर खोलीवरच लागतो. केबल टाकणाऱ्यानं तिथे ब्रेकर, म्हणजे दगड फोडायचं यंत्र लावून खडक फोडला असेल, की केबल तशीच वरून नेली असेल? मी दोन्ही पाहिलं आहे. जिथे आधीची पाण्याची लाइन आडवी आली, तिथे केबल उडी मारून तिच्या वरून गेलेली असते. फीडर पिलर (रस्त्याकडेची, केबल जोडायची उभी पेटी), डीपी, मीटर रूम जवळ आली की केबल वर चढत जाते, कारण तिला तिथे जमिनीतून बाहेरच यायचं असतं.

आणि केबल सरळ जाते हा आणखी एक भ्रम. जिथे सांधा मारलेला असतो, तिथे पुढेमागे दुरुस्तीला लागेल म्हणून जास्तीची लांबी वळसा देऊन ठेवतात. दोन मार्कर दगडांमध्ये दोरी ताणून "केबल या रेषेत आहे" असं म्हणणाऱ्याची दोरी त्या वळशाला चुकवून जाते.

तीन साक्षीदार

माझी पद्धत अशी आहे: कागद, डोळे आणि यंत्र, तिघांचीही साक्ष घ्यायची. तिघं एकच सांगत असले तरी शेवटचा निकाल हातानं उकरून, केबल डोळ्यांनी पाहूनच लावायचा.

कागदापासून सुरुवात. केबल ज्याची, त्याच्याकडे लेखी पत्र द्यायचं आणि मार्गाचा नकाशा मागायचा. महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी हे महावितरणचं उपविभागीय कार्यालय. मुंबईत मात्र जपून. शहर भागात बेस्टचं जाळं जमिनीखालून आहे, उपनगरांत अदानी आणि टाटा यांचं जाळं एकाच भागात शेजारी शेजारी असू शकतं. एकाकडून "आमची केबल नाही" असं पत्र आलं म्हणजे केबल नाही असं होत नाही. पथदिव्यांची केबल बहुधा महापालिकेच्या विद्युत विभागाची असते, ती वेगळी विचारावी लागते. केंद्राच्या दूरसंचार विभागाचं 'कॉल बिफोर यू डिग' नावाचं अ‍ॅप २२ मार्च २०२३ ला सुरू झालं. खोदणाऱ्यानं त्यावर जागा नोंदवली की तिथे ज्यांच्या वाहिन्या आहेत त्या संस्थांना संदेश जातो. ते जरूर वापरा. पण ज्यांची वाहिनी त्यात नोंदलेलीच नाही, त्यांना संदेश जाणार कसा? म्हणून पत्र सोडू नका, आणि शक्य असेल तर त्या भागाच्या लाइनमनला सोबत घेऊन एकदा रस्ता चाला. दहा वर्षं एकाच भागात काढलेल्या लाइनमनच्या डोक्यात जो नकाशा असतो, तो कार्यालयातल्या कपाटात सापडत नाही.

एक केबल मात्र कुणाच्याच नकाशावर नसते, ती म्हणजे मीटरच्या पुढची. सोसायटीच्या मीटर रूममधून पंपाकडे, बागेतल्या दिव्यांकडे, गेटवरच्या केबिनकडे गेलेली. ती कुणी तरी स्थानिक वायरमननं टाकलेली, वाळू नाही, विटा नाहीत, कधी तर वीतभर खोल. आवारात झाड लावायचं, कंपाउंडचा खांब पुरायचा, तेव्हा गाठ पडते ती हिच्याशी. इथे विचारायचं सोसायटीच्या जुन्या सेक्रेटरीला, वॉचमनला, आणि शक्य असेल तर मेन स्विच बंद करून कुलूप लावायचं.

आता डोळे. पंधरा मिनिटं काहीही न खोदता नुसतं बघायचं. पथदिव्याच्या खांबापासून खांबापर्यंत तार वर दिसत नसेल तर ती खाली आहे. फीडर पिलर आहे म्हणजे त्यात येणाऱ्या आणि त्यातून जाणाऱ्या केबल आहेत, आणि त्या त्याच्या पायाशी पंख्याच्या पात्यांसारख्या पसरतात. विजेच्या खांबावरून लोखंडी पाइपातून केबल खाली उतरून जमिनीत शिरते, तर ती कुठल्या दिशेला वळली असेल? ट्रॅफिक सिग्नल, बसथांब्यावरची जाहिरातीची पेटी, सीसीटीव्हीचा खांब, एटीएम. जिथे उजेड आहे आणि वर तार नाही, तिथे खाली बघा. डांबरावरचं चराचं जुनं ठिगळ, फूटपाथवरच्या बदललेल्या ब्लॉकची ओळ, हीसुद्धा खूण.

तिसरा साक्षीदार यंत्र, केबल लोकेटर. याच्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण याच्यावर अंधविश्वास ठेवून झालेले अपघात मला माहीत आहेत. केबलमधून करंट वाहतो तेव्हा तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं, आपल्या ५० हर्ट्‌झच्या विजेचं. लोकेटर ते क्षेत्र पकडतो आणि कुंई करतो. म्हणजे तो केबल ओळखत नाही, वाहणारा करंट ओळखतो. पथदिव्याची केबल दिवसा गप्प असते, करंटच नाही. भर दुपारी तुम्ही लोकेटर फिरवून "इथे काही नाही" असा शेरा मारता, काम रात्रीपर्यंत लांबतं, संध्याकाळी टायमर लागतो आणि तुमच्या खड्ड्यातली केबल जिवंत होते. दुसरी अडचण अशी की तिन्ही फेजवर सारखा भार असला तर तिघांची क्षेत्रं एकमेकांना बरीचशी खोडतात, आणि मोठी, भरलेली केबलही क्षीण आवाज देते.

म्हणून चांगल्या लोकेटरबरोबर वेगळा ट्रान्समीटर येतो. तो केबलवर किंवा तिच्या रेषेत जमिनीवर ठेवला की ठरावीक फ्रिक्वेन्सीचा सिग्नल केबलमध्ये सोडतो, आणि मग गप्प केबलही बोलती होते. ट्रान्समीटर पेटीतच ठेवून नुसता लोकेटर फिरवणं म्हणजे अर्धी तपासणी. फिरवायचीही रीत आहे. यंत्र उभं, जमिनीलगत धरायचं, झाडूसारखं हलवायचं नाही, टोकाला नेताना वर उचललं जाता कामा नये. आधी उत्तर-दक्षिण पट्ट्यांत, मग त्याच जागेत पूर्व-पश्चिम, कारण तुम्ही चालताय त्याच दिशेनं जाणारी केबल एका फेरीत निसटते. सापडलेली रेष लगेच रंगानं जमिनीवर आखायची. आणि खड्डा फूटभर खाली गेला की पुन्हा फिरवायचं, कारण वरच्या केबलच्या आवाजात खालची झाकली जाते.

दोन केबल लगटून असतील तर लोकेटर एकच दाखवू शकतो. प्लास्टिकचा पाइप त्याला दिसत नाही, धातू नसलेली ऑप्टिकल फायबरही नाही. त्यासाठी जमिनीत रेडिओ लहरी सोडणारं रडार वापरतात, पण ओल्या काळ्या मातीत त्या लहरी लवकर शोषल्या जातात. पावसाळ्यानंतरच्या चिकणमातीत रडारवाल्यानं "सगळं स्वच्छ आहे" म्हटलं तर मी निर्धास्त होत नाही.

हातानं उकरायचं म्हणजे कसं

रंगाची रेष आखून झाली की तिच्या दोन्ही बाजूंना अर्धा मीटर यंत्र चालवायचं नाही. जेसीबी नाही, ब्रेकर नाही. इथे ट्रायल पिट, म्हणजे केबल नेमकी कुठे आहे ते पाहायचा छोटा खड्डा घ्यायचा. पण "हातानं" म्हणजे पहारेनं असं समजलं जातं, आणि तिथेच घात होतो. पहार आणि टिकाव ही दोन्ही टोकदार हत्यारं, माणसाचं सगळं वजन एका बिंदूवर आणणारी. कडक थर वरून फोडायला ती लागतात, हे मान्य. वरचं डांबर, खडी, सोलिंग त्यांनी सैल करा. त्याखालची माती फावड्यानं, बोथट कडेच्या कुदळीनं, हलक्या हातानं घ्यायची. दांडा लाकडी किंवा फायबरचा, अखंड. फावड्यावर उभं राहून उडी मारायची नाही.

दिशाही महत्त्वाची. रेषेच्या बरोबर वर खड्डा सुरू करू नका. फूट-दीड फूट बाजूला उतरा, आणि मग खड्ड्याच्या भिंतीतून आडवं, केबलकडे सरकत या. वरून आलेला घाव केबलमध्ये घुसतो, बाजूनं खरवडत आलेलं फावडं तिला नुसतं घासतं. एवढ्या एका सवयीनं किती तळहात वाचले असतील.

आता खड्ड्यात बघा. भरावाची माती आणि मूळची माती वेगळी दिसते. मूळचा मुरूम घट्ट, एकाच रंगाचा. चर पूर्वी खोदून बुजवलेला असेल तर त्यात काळी माती, खडी, विटांचे तुकडे, प्लास्टिकच्या पिशव्या मिसळलेल्या असतात आणि फावडं सहज जातं. खोदणं अचानक सोपं झालं की सावध व्हायचं. मग पट्टी दिसेल, किंवा एका रांगेत आडव्या विटा. विटा रांगेत असतील तर त्या कुणीतरी लावल्या आहेत. मग वाळू. इथे फावडं बाहेर, आणि वाळू हातमोजा घातलेल्या हातानं किंवा लाकडी फळकुटानं बाजूला करायची, केबलची काळी पाठ दिसेपर्यंत.

ही वाळू-विटांची खूण नेहमी मिळेल असं नाही. रस्त्याखालून केबल सिमेंटच्या ह्यूम पाइपातून किंवा प्लास्टिकच्या पाइपातून जाते, तिथे वाळू नसते. काही ठिकाणी केबलवर काँक्रीट ओतलेलं असतं. खोदताना काँक्रीटचा अनपेक्षित ठोकळा लागला तर ब्रेकर मागवू नका, केबलवाल्याला बोलवा. जुन्या शहरांत कागदी इन्सुलेशनच्या, शिशाच्या आवरणाच्या केबल अजून जमिनीत आहेत. त्यांच्यावर डांबर लावलेला ताग गुंडाळलेला असतो. मातीत इतकी वर्षं राहून ती केबल झाडाच्या कुजक्या मुळासारखी दिसते, आणि मूळ समजून कुऱ्हाड चालवली जाते. म्हणून साइटवर नियम असा: लांबट, काळं, गोल जे काही लागेल ती केबल, आणि ती चालू. "जुनी आहे, बंद असेल" हे ठरवायचा अधिकार केबलच्या मालकाला, त्यांच्या माणसानं तपासून, लेखी दिल्यावर.

केबल उघडी झाली की ती हलवायची नाही, तिच्यावर पाय देऊन खड्ड्यातून चढायचं नाही. सांधा उघडा पडला असेल तर त्याला ताण देऊ नका, खालून फळीचा आधार द्या, वर लाकडी फळ्या झाका. खड्ड्याभोवती बॅरिकेड, रात्री दिवा.

रेषेपासून लांब जेसीबी चालवायला हरकत नाही, पण बकेटवर डोळा ठेवणारा एक माणूस उभा हवा आणि त्यानं हात वर केला की ऑपरेटरनं थांबायलाच हवं. इथे मला एक गोष्ट बोचते. जेसीबीचं भाडं तासावर आणि मजुराचे पैसे मीटरवर. घाई आपण पैशात बांधून देतो, आणि वर "सांभाळून करा" म्हणतो. ट्रायल पिटचे पैसे वेगळे धरा, मीटरमध्ये नको. मग मजूर स्वतःहून सावकाश खोदतो.

कपड्यांचं एका वाक्यात: खड्ड्यात उतरणाऱ्याच्या अंगात पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट हवा, पॉलिस्टर नको.

मांडववाल्यांसाठीही हेच सगळं लागू आहे. गणपती-नवरात्रात मांडवाचे वासे रोवायला रस्त्याच्या कडेला पहारेनं खड्डे घेतात, नेमक्या एलटी केबल जातात त्या पट्ट्यात. वाळूनं भरलेल्या ड्रममध्ये वासा उभा करा, जमिनीला हात लावायची गरजच राहत नाही.

केबलला लागलंच तर

सगळ्यात आधी लांब व्हा, आणि इतरांना लांब करा. जेसीबीचा दात लागला असेल तर ऑपरेटरनं केबिनमध्येच बसून राहायचं, बाहेरच्यांनी यंत्राला हात लावायचा नाही. यंत्रानं पेट घेतला तरच उतरायचं, तेही पाय जोडून उडी मारून, यंत्र आणि जमीन यांना एकाच वेळी स्पर्श होणार नाही असं, आणि मग पावलं न उचलता, पाय घसटत दूर जायचं. जमिनीत वीज पसरलेली असताना दोन पायांत अंतर पडलं तर दोन पायांमधल्या व्होल्टेजच्या फरकानं शॉक बसतो.

लाइट गेले म्हणून केबल मेली असं समजू नका. हे वाक्य मोठ्या अक्षरांत लिहून साइटवर लावावं. फीडर ट्रिप झाला की सबस्टेशनमधून कधीकधी ट्रायल घेतात, म्हणजे फीडर पुन्हा चालू करून पाहतात. त्यांना ठाऊक नसतं की तुमचा माणूस खड्ड्यात वाकून "काय झालं" ते बघतोय. पहिल्या स्फोटातून वाचलेला दुसऱ्यात सापडतो. १९१२ वर आणि स्थानिक कार्यालयात फोन करून जागा सांगा, "माणूस अडकलाय, ट्रायल घेऊ नका" असं स्पष्ट बोला, आणि त्यांचा माणूस येऊन लाइन बंद करून अर्थिंगला जोडल्याचं सांगेपर्यंत खड्ड्यात उतरू नका.

सप्लाय तुटल्याची खात्री झाल्यावरच माणसाला हात लावायचा. श्वास चालू नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही तळव्यांनी, मिनिटाला १०० ते १२० या वेगानं, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाब देत राहा, १०८ येईपर्यंत. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटं नळाचं साधं पाणी सोडा. चिकटलेला कपडा ओढू नका, हळद नको, टूथपेस्ट नको. आणि शॉक बसूनही उठून बसलेला, "मला काही झालं नाही" म्हणणारा माणूससुद्धा दवाखान्यात न्या. विजेनं हृदयाचे ठोके बिघडलेले असू शकतात.

एक अपघात असाही असतो की ज्यात आवाजच होत नाही. फावडं घासलं, काळं आवरण तळहाताएवढं सोललं गेलं, दिवे चालूच. मग इकडेतिकडे बघून त्यावर इन्सुलेशन टेप गुंडाळतात आणि माती ओढतात. असं कृपा करून करू नका. त्या फटीतून पाणी आत जातं, चिलखत गंजतं, इन्सुलेशन हळूहळू कमजोर होतं, आणि पावसाळ्यात एका रात्री ती केबल फुटते. तेव्हा तिथे कुठलंच काम चालू नसतं. वरून जाणारा माणूस, भाजीची गाडी, तिथे उभं असलेलं पोर, त्यांना काहीच कल्पना नसते. निष्काळजीपणे केबल तोडणाऱ्याला विद्युत कायदा २००३ च्या कलम १३९ नुसार दंड आहे, म्हणून लोक लपवतात. तरी सांगा. सोललेली केबल त्याच दिवशी दुरुस्त होऊ शकते.

काम संपलं की खड्डा बुजवतानाही तीच शिस्त. केबलखाली माती ठोकून बसवा, नाहीतर ती पुढे लोंबकळते. भोवती स्वच्छ वाळू, दगड नको. विटा होत्या त्याच जागी परत, तुटलेल्या असतील तर नव्या. वर धोक्याची पट्टी. झाकण्यापूर्वी टेप लावून मापं घ्या: केबलची खोली किती, फूटपाथच्या कडेपासून किती, जवळच्या पक्क्या खुणेपासून किती. ती कागदावर लिहून केबलच्या मालकाला द्या. आणि मोबाइलवर एक फोटो काढा, ज्यात उघडी केबल, तिच्यावर धरलेला टेप आणि मागचा फीडर पिलर, तिन्ही एकत्र दिसतील.